प्रभारी प्रशिक्षकाला कायम करावं का? अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधला एक अवघड निर्णय, पायरीपायरीनं

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये जवळपास दर हंगामात कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक मधेच जातो. कुणाला काढतात, कुणी निवृत्ती घेतो, कुणी चौकशीत अडकतो. मग शेजारच्या खुर्चीवरच्या सहायकाकडे संघ सोपवला जातो, त्याच्या पदापुढे 'प्रभारी' लागतं आणि मार्च उजाडेपर्यंत क्रीडा संचालकापुढे प्रश्न उभा राहतो: यालाच कायम करायचं, की बाहेरून माणूस आणायचा?

हा लेख त्या टेबलाभोवती बसणाऱ्यांसाठी आहे: क्रीडा विभागातले अधिकारी, निवड समितीवर घेतलेले प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी. अमेरिकेत शिकून तिथेच स्थिरावलेल्या आणि आपल्या विद्यापीठाच्या संघात जीव गुंतलेल्या मराठी माणसांनाही तो घरबसल्या ताडून पाहता येईल.

माझं मत आधीच सांगतो. प्रभारी प्रशिक्षकाचा विजय-पराजयाचा आकडा हा या निर्णयातला सर्वांत कमी उपयोगाचा पुरावा आहे, आणि बहुतेक वेळा निर्णय त्याच्यावरच होतो. कारण तो आकडा मुख्यतः आधीच्या माणसानं जमवलेल्या संघाचा असतो. पाहायचं ते असं: हाती आलेल्या संघात यानं काय बदललं, आणि स्वतःचा संघ उभारायची वेळ आली तर हा काय करेल.

पायरी १: निकष पहिल्याच आठवड्यात कागदावर उतरवा

प्रभारी नेमला त्याच आठवड्यात, जमलं तर त्याच्या पहिल्या सामन्याआधी, एका पानावर लिहून ठेवा: हंगामाअखेर या माणसात काय दिसलं तर आपण त्याला कायम पदासाठी गंभीर उमेदवार मानू? चार-पाच मुद्दे पुरेत. त्यात 'अमुक सामने जिंकले तर' असा मुद्दा नको. ते पान विद्यापीठाच्या अध्यक्षांना दाखवा, तारीख घाला आणि फाइलला लावा.

एवढा खटाटोप कशासाठी, ते मिशिगनच्या १९८९ च्या गोष्टीवरून कळतं. राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर मुख्य प्रशिक्षक बिल फ्रीडरनं ॲरिझोना स्टेटची नोकरी स्वीकारली. क्रीडा संचालक बो शेम्बेक्लरनं त्याला स्पर्धेपुरतंही थांबू दिलं नाही आणि सहायक स्टीव्ह फिशरकडे संघ दिला. फिशर सलग सहा सामने जिंकला आणि विजेतेपद घेऊन परतला. काही दिवसांतच तो कायम झाला.

आता त्यातले शेवटचे दोन सामने जवळून पाहा. उपांत्य सामना इलिनॉयशी, ज्यांनी त्याच हंगामात मिशिगनला दोनदा हरवलं होतं. शॉन हिगिन्सनं हुकलेला चेंडू झेलून अगदी शेवटच्या क्षणी पुन्हा बास्केटमध्ये टाकला, मिशिगन ८३-८१. अंतिम सामना सीटन हॉलशी, जादा वेळेत गेलेला. तीन सेकंद उरलेले, मिशिगन एका गुणानं मागे, आणि पंचांनी फाउलची शिट्टी वाजवली. त्या शिट्टीवर पुढे कितीतरी वर्षं वाद झाला. रुमील रॉबिन्सननं दोन्ही फ्री थ्रो घातले, ८०-७९. ती शिट्टी वाजली नसती तर मिशिगन बहुधा हरलं असतं. पण फिशर प्रशिक्षक म्हणून तसूभरही वेगळा ठरला नसता. त्याची समज, त्याचा स्वभाव, त्याची खेळाडू पारखण्याची नजर तीच राहिली असती. निकष आधी लिहिलेले नसतील, तर अशा रात्रीनंतर समितीतल्या कुणालाही थंड डोक्यानं विचार करता येत नाही.

(फिशरचं पुढे काय झालं? १९९०-९१ मध्ये संघ १४-१५ (१४ विजय, १५ पराभव) वर आला. मग 'फॅब फाइव्ह' म्हणून गाजलेली तुकडी त्यानं जमवली आणि १९९२ व १९९३ च्या अंतिम सामन्यांत पोचवली. एका बड्या हितचिंतकानं खेळाडूंना दिलेल्या पैशांच्या प्रकरणात १९९७ मध्ये त्याची नोकरी गेली. सहा सामन्यांतून यातलं काहीच दिसण्यासारखं नव्हतं, ना चांगलं ना वाईट.)

पायरी २: संघ कुणाचा आहे, हे विचारा

खेळाडूंची यादी समोर घ्या. प्रत्येकाच्या नावापुढे दोन गोष्टी लिहा: याला विद्यापीठात कुणी आणलं, आणि हा पुढच्या वर्षी असणार का. ही यादी भरून झाली की निम्मा धुरळा खाली बसतो.

टेक्ससचं उदाहरण याच कारणासाठी अभ्यासण्यासारखं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मुख्य प्रशिक्षक ख्रिस बेअर्डला अटक झाली, आधी निलंबन आणि ५ जानेवारी २०२३ ला बडतर्फी. (त्याच्यावरचे आरोप पुढे मागे घेतले गेले.) संघ रॉडनी टेरीकडे आला. बाहेर गदारोळ चालू असताना त्यानं पोरांना सांभाळलं, बिग १२ ची, म्हणजे टेक्सस तेव्हा ज्या विद्यापीठांच्या गटात खेळायचं त्या गटाची स्पर्धा जिंकली आणि राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत धडक मारली. तिथे मायामीविरुद्ध मोठी आघाडी हातची गेली आणि ८८-८१ अशी हार पत्करावी लागली. दुसऱ्याच दिवशी टेरी कायम झाला, पाच वर्षांच्या करारावर.

त्या संघाचा कणा मार्कस कार, टिमी ॲलन, सरजबारी राइस अशा अनुभवी, दुसऱ्या विद्यापीठांतून आलेल्या खेळाडूंचा होता, आणि तो बेअर्डच्या कारकिर्दीत जमलेला होता. ते गेले. पुढच्या हंगामात टेक्सस २१-१३, त्यानंतर १९-१६ आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावरच झेवियरकडून हार. मार्च २०२५ मध्ये टेरीला काढलं.

टेरीला कायम करणं मूर्खपणाचं होतं असं मी म्हणणार नाही. त्या परिस्थितीत त्यानं जे केलं ते थोडक्यांनाच जमलं असतं. पण त्याच्याबद्दलचा दुसरा, जास्त लांबीचा पुरावा उपलब्ध होता. तो फ्रेस्नो स्टेटला सात वर्षं आणि युटेपला (टेक्सस विद्यापीठ, एल पासो) तीन वर्षं मुख्य प्रशिक्षक होता. युटेपचा हिशेब ३७-४८. स्वतः संघ जमवून, स्वतःच्या जबाबदारीवर खेळवलेली दहा वर्षं एका पारड्यात आणि उधारीच्या संघाचे तीन महिने दुसऱ्या पारड्यात, अशी तुलना असेल तर पहिल्या पारड्याला जास्त वजन द्यायला हवं.

इंडियानाचं उदाहरण याला जोडून वाचा. सप्टेंबर २००० मध्ये बॉब नाइटची हकालपट्टी झाल्यावर माइक डेव्हिस प्रभारी झाला, २१-१३ च्या हंगामानंतर कायम झाला आणि २००२ मध्ये थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचला. तेव्हाचा मुख्य तारा जेरेड जेफ्रीज हा नाइटच्या काळातच विद्यापीठाला शब्द देऊन बसलेला खेळाडू. जुनं भांडवल संपलं तसा संघ घसरत गेला आणि २००६ मध्ये डेव्हिसनं राजीनामा दिला. म्हणून प्रभारी माणसाबाबत मनात धरायचा प्रश्न 'पुढचं वर्ष कसं जाईल' हा नको. तिसरं वर्ष कसं जाईल, हा हवा.

पायरी ३: आकडे सोलून पाहा

आधी एक साधा हिशेब. दर सामना अगदी नाणेफेकीसारखा बरोबरीचा असेल आणि संघ १० सामने खेळला, तर त्यातले ७ किंवा जास्त जिंकण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. म्हणजे अशा सहा प्रभारींपैकी एक जण काहीही विशेष न करता '७-३' घेऊन तुमच्यासमोर बसेल. शिवाय प्रशिक्षक बदलतात तो संघ सगळ्यात खाली असताना. तिथून थोडं वर येणं आपोआपही होतं. नेदरलँड्सच्या फुटबॉल लीगचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना दिसलं की तितक्याच वाईट काळातून गेलेले पण प्रशिक्षक न बदललेले संघही तसेच सावरले.

तेव्हा सामने बाजूला ठेवून खेळ मोजा. आकडेतज्ज्ञ केन पॉमरॉयच्या क्रमवारीत दर १०० ताब्यांमागे (ताबा म्हणजे चेंडू हाती असलेली एक पाळी) संघानं किती गुण केले, किती दिले, हे प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीनुसार जुळवून दिलेलं असतं. प्रभारी येण्याआधीचे आणि नंतरचे सामने वेगळे करून पाहा. त्यात खालच्या गोष्टींना किती महत्त्व द्यायचं ते मी असं ठरवेन:

- प्रतिस्पर्ध्यांचा तीन गुणांच्या फटक्यांचा टक्का घसरला असेल तर लगेच 'बचाव सुधारला' म्हणू नका. त्यावर बचाव करणाऱ्याचा ताबा फार थोडा असतो. ते असे फटके किती मारू शकतात, यावर मात्र असतो. तो आकडा पाहा.
- प्रतिस्पर्ध्यांचे फ्री थ्रो हुकले असतील तर ते निव्वळ नशीब.
- चेंडू हातातून घालवण्याचं प्रमाण आणि आक्रमणातले रिबाउंड (आपलाच हुकलेला फटका परत मिळवणं) बदलले असतील तर कान टवकारा. हे शिकवण्यातून, सरावातून बदलतं.
- चार-पाच गुणांच्या आतले विजय वेगळे काढा. त्यातले निम्मे उलटे गेले असते तर आज आपण काय बोलत असतो?

विस्कॉन्सिनच्या ग्रेग गार्डची केस मला म्हणूनच पटते. डिसेंबर २०१५ मध्ये बो रायननं १२ सामन्यांनंतर अचानक निवृत्ती घेतली, संघ ७-५ वर होता. गार्डची सुरुवात वाईट झाली. बिग टेनमध्ये, म्हणजे विस्कॉन्सिनच्या विद्यापीठ-गटात, १-४, एकूण ९-९. नुसता तक्ता पाहणाऱ्यानं तिथेच फुली मारली असती. पण त्यानं रायनच्या जुन्या 'स्विंग' आक्रमणावर पुन्हा भर दिला, बाकावरच्या पोरांना मैदानात उतरवलं, आणि बिग टेनचे पुढचे १३ पैकी ११ सामने जिंकले. बदल काय केला ते बोट ठेवून दाखवता येत होतं, आणि निकाल त्यानंतर आले. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीच त्याला कायम केलं गेलं. २०२० आणि २०२२ मध्ये तो बिग टेनचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला.

पायरी ४: सरावाला जाऊन बसा, आणि बोलू नका

क्रीडा संचालक सामन्याला पहिल्या रांगेत दिसतात, सरावाला क्वचित. मला वाटतं सगळ्यात जास्त माहिती सरावातच मिळते, विशेषतः हरल्यानंतरच्या पहिल्या सरावात. कोपऱ्यात बसा आणि हे पाहा.

शिट्टी वाजून चूक दाखवली गेल्यावर खेळ पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागतो? लांबलचक भाषण होतं, की दोन वाक्यांत सुधारणा सांगून लगेच पुन्हा तेच करून घेतलं जातं? यादीतल्या शेवटच्या, न खेळणाऱ्या खेळाडूशी तो सरावभर एकदा तरी बोलतो का? ज्यांना काल बाकावर बसवलं त्यांच्याकडे पाहतो, की नजर चुकवतो? सहायक प्रशिक्षक स्वतःहून एखादा भाग हातात घेतात का? प्रभारी वर सरकला की त्याची जुनी खुर्ची रिकामी राहते. प्रतिस्पर्ध्यांची टिपणं काढणं, मोठ्या उंचीच्या खेळाडूंना शिकवणं, जे काम तो करायचा ते आता कोण करतं? ते काम वाटून दिलं असेल तर माणसाला संघटन कळतं. अजून सगळं स्वतःच ओढत असेल तर तो मनानं सहायकच आहे.

व्हिडिओची एक कसोटीही लावा. त्याच्या सगळ्या सामन्यांतला टाइमआउटनंतरचा पहिला ताबा वेगळा काढून घ्या. टाइमआउटमध्ये फळ्यावर काय आखलं आणि मैदानात काय घडलं? फटका बसला की हुकला ते सोडून द्या. मोकळा फटका मिळाला का, आणि ज्याला मिळायला हवा त्यालाच मिळाला का, एवढंच मोजा. दोन तासांचं काम आहे, आणि चार मुलाखतींइतकं सांगून जातं.

पायरी ५: खेळाडूंना विचारा, पण मतदान घेऊ नका

प्रभारी बहुधा पोरांचा लाडका असतो. सहायक हा डोळे पुसणारा, मुख्य प्रशिक्षक रागावणारा, अशीच घडी असते. म्हणून 'तुम्हाला हा हवा का?' असं विचारलंत तर 'हो' येणार, आणि ते उत्तर पुढे तुमच्या मानगुटीवर बसणार. त्याऐवजी घडलेलं विचारा. 'गेल्या महिन्यात तुझ्या खेळात सरांनी काय बदलायला लावलं?' 'तुझं खेळणं कमी झालं तेव्हा त्यांनी तुला काय सांगितलं, आणि कधी?' ज्याची मिनिटं घटली तो खेळाडू याबद्दल चांगलं बोलत असेल, तर त्या शब्दांना किंमत आहे.

दुखापती पाहणारे ट्रेनर, अभ्यासाचे सल्लागार, सामान उचलणारे विद्यार्थी व्यवस्थापक यांच्याशीही बोला. त्यांच्यासमोर कुणी मुखवटा घालून वावरत नाही.

पायरी ६: आधीचा माणूस का गेला?

निवृत्ती असेल तर ही पायरी छोटी. प्रकरण असेल तर इथे घाई करू नका. प्रभारी त्याच कार्यालयात बसत होता. त्याला काय माहीत होतं, त्यानं कुणाला सांगितलं, हे नियमपालन विभाग आणि बाहेरचे वकील यांच्याकडून लेखी घ्या. तो निर्दोष असेल तर हा कागद त्याचंच संरक्षण करतो.

पायरी ७: त्याला बाहेरच्या उमेदवारासारखं समोर बसवा

ओळखीच्या माणसाची मुलाखत कुणी नीट घेत नाही. 'आपण तर रोज बोलतो' म्हणून सोडून देतात. तसं करू नका. दोन-तीन तास द्या, आणि पुढच्या वर्षाचा संघ कागदावर मागा.

आजच्या काळात हाच मुलाखतीचा गाभा आहे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवायची मुभा आहे. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षासाठी सगळे खेळ मिळून साधारण २.०५ कोटी डॉलरच्या मर्यादेत. संघात जास्तीत जास्त १५ जण. तेव्हा विचारा: बास्केटबॉलच्या वाट्याला येणारी रक्कम तू कशी वाटशील? आत्ताच्यांपैकी कोणते तीन जण काहीही करून राखशील? ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) पहिला फोन कुणाला करशील, आणि तो नाही म्हणाला तर? तुझ्या जागी सहायक म्हणून कोण, आणि त्या माणसाशी तू बोलला आहेस का? ज्याच्याकडे नावानिशी उत्तरं आहेत तो मुख्य प्रशिक्षक व्हायला तयार आहे. 'आपली संस्कृती जपायची' एवढंच ज्याच्याकडे आहे, तो नाही.

त्याच वेळी बाहेरच्या चार-पाच जणांची यादी खरीखुरी तयार करा, ज्यांना आणणं तुम्हाला परवडेल आणि जे येतील असे. सरकारी विद्यापीठांत जाहिरात, समान संधीचे नियम, नियामक मंडळाची मान्यता हे सोपस्कारही असतात. मनुष्यबळ विभागाला फेब्रुवारीतच विचारून ठेवा.

ॲरिझोनानं २००९ मध्ये हे कठोरपणे केलं. लूट ओल्सननं हंगामाच्या तोंडावर निवृत्ती घेतल्यानं रस पेनेल प्रभारी झाला होता आणि बाराव्या मानांकनाच्या संघाला त्यानं शेवटच्या १६ पर्यंत नेलं. तरी त्यांनी झेवियरहून शॉन मिलरला आणलं, आणि मिलरनं संघाला तीनदा शेवटच्या आठांत पोचवलं. टेरीनंतर टेक्ससनं आणलेला माणूसही हाच मिलर, पुन्हा झेवियरहूनच. पण बाहेरचा माणूस म्हणजे हमखास यश असंही नाही. लुईव्हिलनं २०१८ मध्ये डेव्हिड पॅजेटला, ज्यानं अवघ्या बत्तिशीत भयंकर गोंधळातून संघ २२-१४ असा बाहेर काढला, निरोप दिला आणि ख्रिस मॅकला आणलं. जानेवारी २०२२ मध्ये मॅकही गेला.

पायरी ८: तारीख ठरवा

ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव नोंदवायची मुदत २०२५ मध्ये ३० दिवसांची होती, नंतर ती आणखी आखूड केली गेली. तुम्ही विचार करत बसलात तर खेळाडू थांबत नाहीत. दुसरीकडे, खेळाडू जातील या भीतीनं प्रशिक्षक निवडणं म्हणजे एका वर्षासाठी पाच वर्षं गहाण टाकणं. माझ्या मते मधला मार्ग असा: पायरी १ ते ६ फेब्रुवारीअखेर संपवा, बाहेरची यादी तयार ठेवा, आणि शेवटचा सामना संपल्यावर आठवड्याच्या आत निर्णय. पुरावा स्पष्ट असेल तर विस्कॉन्सिनसारखं त्याआधीही करा. ओहायो स्टेटनं २०२४ मध्ये जेक डीब्लरला मार्चच्या मध्यावरच कायम केलं. तोवर ६-२ अशी सुरुवात, त्यात पहिल्याच सामन्यात दुसऱ्या क्रमांकाच्या पर्ड्यूवर विजय. पुढचा हंगाम १७-१५ गेला.

विजयाच्या रात्री आणि पराभवाच्या रात्री मात्र कुणालाही शब्द देऊ नका.

पायरी ९: हो म्हणायचं तर करार कसा

तो प्रभारी होता म्हणून त्याला स्वस्तात गुंडाळू नका, आणि भावनेच्या भरात दहा वर्षंही लिहून देऊ नका. मुदत चार-पाच वर्षं. काढलं तर द्यायची रक्कम दर वर्षी उतरती. त्याला दुसरी नोकरी लागली तर त्या पगाराइतकी रक्कम तुमच्या देण्यातून वजा होईल असं कलम. सहायकांच्या पगारासाठी मात्र हात मोकळा सोडा, कारण पहिल्यांदा मुख्य झालेल्या माणसाला शेजारी एखादा मुरलेला जुना प्रशिक्षक लागतो, आणि तो फुकट येत नाही.

पायरी १०: नाही म्हणायचं तर

त्याला सगळ्यांत आधी सांगा, समोरासमोर, आणि दुसऱ्या कुणाला पत्रकारांकडून कळायच्या आत. लिहून ठेवलेले निकष त्याच्यापुढे ठेवा आणि कुठे कमी पडलं ते नेमकं सांगा. खेळाडूंना त्याच दिवशी एकत्र बोलावा आणि त्याला त्यांच्याशी आधी बोलू द्या. त्याच्या आणि सहायकांच्या करारांच्या तारखा तपासा. बऱ्याच जणांचा पगार, आणि पगारासोबत कुटुंबाचा आरोग्य विमा, ठरावीक तारखेला संपतो. नवा माणूस कुणाला ठेवणार हे कळेपर्यंत ती तारीख पुढे ढकला. आणि शिफारसपत्र मनापासून लिहा. सिनसिनाटीनं २००६ मध्ये २१ सामने जिंकलेल्या अँडी केनेडीला कायम केलं नाही. ओल मिसनं त्याला उचललं, आणि पुढच्या १२ वर्षांत तो त्या विद्यापीठाच्या इतिहासात सर्वाधिक सामने जिंकणारा प्रशिक्षक झाला.